शेक्सपिअरच्या नाटकांतली गावं : कोण कुठे जाऊन आलंय?

कॉलेजात 'हॅम्लेट' परीक्षेपुरतं वाचलं होतं. मुलीकडे कोपनहेगनला गेलो, तेव्हा तिने एका रविवारी आगगाडीने पाऊण तासात हेलसिंगोरला नेलं. नाटकातलं एल्सिनोर ते हेच. क्रोनबोर्गचा किल्ला समुद्राला अगदी खेटून. पलीकडे स्वीडन, जेमतेम चार किलोमीटरवर. शेक्सपिअर इथे कधी आल्याचा पुरावा नाही, पण तटावरचा वारा अंगात शिरला तेव्हा पहिल्याच प्रवेशातला पहारेकरी थंडीने का कावलेला असतो ते समजलं. डोक्यात मात्र सारखे आगरकर येत होते. १८८३ साली 'हॅम्लेट' 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणणारा हा माणूस कधी परदेशी गेला नाही. त्यांनी हा वारा कुठून आणला असेल?

तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी गेलं असेल तर लिहा. फसगत झाली असेल तर आधी लिहा.

---

फसगत म्हणजे इटलीतलं वेरोना, 'रोमिओ-ज्युलिएट'चं गाव! 'ज्युलिएटचं घर' बघायला लग्नघरासारखी गर्दी. ज्या सज्जाखाली सगळे माना वर करून उभे असतात, तो विसाव्या शतकात बसवलेला. नाटकात तर सज्जा हा शब्दच नाही. खाली ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याच्या उजव्या स्तनाला हात लावला की प्रेमात यश येतं म्हणे. लोकांनी हात लावून लावून १९७२चा पुतळा इतका झिजवला, की २०१४ मध्ये त्या जागी प्रतिकृती आणावी लागली. आमचे हे दोन्ही हात खिशात घालून उभे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आता आणखी कसलं यश?

एक मात्र आवडलं. ज्युलिएटच्या नावाने जगभरातून पत्रं येतात आणि गावातले स्वयंसेवक त्यांना खरोखर उत्तरं लिहितात.

---

स्कॉटलंडला डंकेल्डजवळ टे नदीच्या काठी बर्नमचा ओक आहे. 'मॅकबेथ'मध्ये सैनिक फांद्या तोडून हातात धरतात आणि रानच चालून येतंय असं वाटतं, ते रान हेच, त्यातलं उरलेलं एक म्हातारं झाड. फांद्यांना खालून लाकडी टेकू दिलेत. तिकीट नाही, गर्दी नाही. आम्ही तिथे बसून डब्यातले थालीपीठ खाल्ले, बस्स.

---

वेरोनावाल्या ताई, शेक्सपिअरच्या गावाची, स्ट्रॅटफर्डची गंमत ऐका. शेक्सपिअरने म्हातारपणी जिथे देह ठेवला ते 'न्यू प्लेस' पुढे एका पाद्र्याकडे आलं. बघ्यांना वैतागून त्याने आधी बागेतलं तुतीचं झाड तोडलं, मग कराच्या भांडणात १७५९ मध्ये अख्खं घर पाडलं! आपल्याकडे वाडे पाडायला निदान बिल्डर लागतो. आता तिथे बाग आहे. जन्मघराच्या बागेत मात्र अचानक रवींद्रनाथांचा अर्धपुतळा समोर आला आणि उगाच घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

---

लंडनचं ग्लोबही नकलीच म्हणायचं. मूळ थिएटर १६१३ साली 'आठवा हेन्री' चालू असताना तोफेची ठिणगी छपरात जाऊन जळालं. एका प्रेक्षकाची विजार पेटली, ती बिअर ओतून विझवली, अशी नोंद आहे. आताचं १९९७चं, मूळ जागेपासून थोडं बाजूला, पण छप्पर तसंच गवताचं.

२०१२ मध्ये तिथे ३७ नाटकं ३७ भाषांत झाली. मुंबईच्या मंडळींनी 'ट्वेल्फ्थ नाइट' हिंदीत केलं, गाण्या-बजावण्यासकट. मी पाच पौंडांचं उभ्याचं तिकीट काढलं होतं. पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या उघड्या जागेत, छत्री उघडू देत नाहीत आणि खाली बसू देत नाहीत. पाय भरून आले. शेजारच्या गोऱ्या आजीबाईंना हिंदीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या माझ्याआधी हसत होत्या. मध्यंतरात त्यांनी मला विचारलं, "हे सगळं मूळ नाटकात आहे का?" मी बिनदिक्कत हो म्हणालो.