मदत हवी आहे: आईच्या केअर होमच्या खर्चाला गोव्यात सरकारी हातभार मिळतो का?

नमस्कार मंडळी,

आम्ही फोंड्याचे. आई ७६ वर्षांची, पार्किन्सन्स बराच वाढलाय. चमचा हातात दिला तर तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मी पेज पदरावर सांडते. भरवायला बसलं तर ठसक्याची भीती, त्यामुळे घास गिळला की नाही हे बघत बघत जेवण होतं. रात्री कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. भाऊ आणि मी नोकरीवर, वहिनीने एकटीने किती करायचं? म्हणून तिला म्हापशाजवळच्या एका खासगी केअर होममध्ये ठेवलंय. तिथल्या बायका मनापासून करतात. पण फी महिन्याला तीसेक हजार, डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. बाबा खाणीवर होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि साठवलेलं तेव्हाच संपलं.

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये तिला मिळतात. त्यात डायपरसुद्धा भागत नाहीत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे, ७० वर्षांवरील सगळ्यांना मिळणाऱ्या ५ लाखांच्या आयुष्मान कार्डाचीही चौकशी केली. दोन्ही इस्पितळात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. आईला न्यूमोनिया झाला तर पैसे आहेत, पण तो होऊ नये म्हणून तिला रोज नीट बसवून भरवणाऱ्या बाईच्या पगाराला नाहीत. हे मला फार लागतं.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रमांची तरतूद आहे, पण ती निराधारांसाठी. आई निराधार नाही, मुलं आहेत. आणि मुलांना हा खर्च झेपत नाही. अशा मधल्या घरांनी कुठे जायचं?

ज्यांनी यातून वाट काढलीय त्यांनी कृपया सांगा:

प्रोव्हेदोरियाच्या (गोव्यातली सरकारी सार्वजनिक साहाय्य संस्था) वृद्धाश्रमांत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेतात का? फी भरायची आमची तयारी आहे, फक्त ती आवाक्यातली हवी.

२०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत पार्किन्सन्स आहे, म्हणून दिव्यांगत्वाचा दाखला काढायचं चाललंय. बांबोळीला गोमेकोत (गोवा मेडिकल कॉलेजात) तिला नेणं म्हणजे रुग्णवाहिका आणि दोन माणसं. बोर्डाचे डॉक्टर घरी किंवा केअर होममध्ये येऊन तपासतात का? दाखला मिळाल्यावर दयानंद योजनेत ज्येष्ठांऐवजी दिव्यांग गटात बदल करून घेतलाय का कुणी? रक्कम वाढली का, की मधले काही महिने पैसे अडकले?

भावाला आयकरात ८०डीडीची (आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठीची) वजावट घ्यायची आहे. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख, नाहीतर ७५ हजार, पण जुन्या करप्रणालीतच. तो सध्या नवीन प्रणालीत आहे. एवढ्यासाठी बदलणं परवडतं का, हे कुणी जाणकाराने सांगितलं तर बरं होईल.

पुढच्या महिन्यापासून फी वाढणार आहे, म्हणून जरा लवकर कळवा. फोंडा, डिचोली, म्हापसा भागातला कुणाचा अनुभव असेल तर तो आधी लिहा.