फटाक्याचा आवाज बंदुकीच्या दारूपेक्षा जुना

अनघा (बी-२०४): काल ग्रुपवर आलेल्या संदेशात, चीनमध्ये बंदुकीच्या दारूचा शोध लागला आणि त्यातून फटाके निघाले, असे लिहिले होते. देसाईकाका, हे बरोबर आहे का?

देसाईकाका (ए-१०१): अनघा, शोभेच्या दारूपुरते ते बरोबर आहे, पण फटाका त्याहून पुष्कळ जुना आहे. चीनमध्ये पूर्वी बांबूची कांडी विस्तवात टाकत असत. बंद पेरांत कोंडलेली हवा आणि ओलाव्याची वाफ तापून फुगली की बांबू मोठ्या आवाजाने फुटे. वर्षाच्या पहिल्या दिवशी कोंबडा आरवताच लोक उठत आणि डोंगरातली भुते-पिशाच्चे पळून जावीत म्हणून अंगणात असे बांबू फोडत, अशी नोंद सहाव्या शतकातील त्झोंग लिन यांनी यांगत्सेच्या मध्य खोऱ्यातील सणवारांविषयी लिहिताना केली आहे. त्या वेळी दारू कोणाला ठाऊकही नव्हती. फटाक्याला चिनी भाषेत आजही 'बाओझू', म्हणजे 'फुटणारा बांबू', असेच म्हणतात.

निखिल (सी-३०२): काका, मग दारू कोणाला सापडली?

देसाईकाका (ए-१०१): अमरत्वाचे औषध शोधणाऱ्या ताओ या चिनी पंथाच्या किमयागारांना, चीनमधील थांग राजवटीच्या काळात (सातवे ते दहावे शतक). त्यांच्या परंपरेतील एका ग्रंथात स्पष्ट इशारा आहे, की गंधक, मनशीळ (आर्सेनिकचे लाल खनिज) आणि सोरा (पोटॅशियम नायट्रेट) मधाबरोबर तापवल्यामुळे काहींचे हात आणि तोंड भाजले व राहते घरही जळाले. अशा मिश्रणाला पुढे 'हुओयाओ', म्हणजे 'अग्नीचे औषध', असे नाव पडले. आपल्याकडचा 'दारू' हा शब्दही फारसीतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ औषध असाच आहे, हे मला फार विलक्षण वाटते. इ. स. १०४४ च्या सुमारास चीनच्या सोंग राजघराण्याच्या दरबारासाठी लिहिलेल्या युद्धविषयक ग्रंथात दारूची प्रमाणे दिलेली आहेत.

अनघा (बी-२०४): आणि शोभेचे दारूकाम?

देसाईकाका (ए-१०१): तेही सोंग काळातच बहरले. बांबूच्या जागी दारू भरलेल्या कागदी नळ्या आल्या, त्या एका वातीवर ओवून माळाही होऊ लागल्या, आणि राजधानी हांगझोऊमध्ये सणाला दारूकाम पाहायला मिळू लागले. त्यात जमिनीवर सैरावैरा पळणारा 'भुईउंदीर' नावाचा प्रकार होता. तेराव्या शतकात सम्राट लीझोंग यांनी दिलेल्या मेजवानीत असाच एक भुईउंदीर थेट राजमातेच्या आसनापर्यंत गेला. त्या दचकून रागाने उठल्या आणि मेजवानी तिथेच थांबली.