"आठ दिवसांत बाजार सावरला असता" हे वाचून राहवलं नाही

ताळेबंद:
'खडूफळा' यांच्या कालच्या लेखाचं सार असं: २००८ च्या संकटात सरकारांनी एकाही वित्तसंस्थेला हात द्यायला नको होता. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेसारख्या सगळ्याच बुडू द्यायच्या, आठ दिवसांत बाजार सावरला असता. खाली नुसती वाहवा. मी एका बँकेच्या ट्रेझरी विभागात पंचवीस वर्षं काढली आहेत, ते दिवस डोळ्यांसमोर घडताना पाहिले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आठ दिवस राहू द्या, पहिले पाचच बघू. सोमवार, १५ सप्टेंबर २००८ ला लेहमनने दिवाळखोरीचा अर्ज केला. मंगळवारी रिझर्व्ह प्रायमरी या मनी मार्केट फंडाचं एक डॉलरचं युनिट ९७ सेंटवर घसरलं, कारण त्यांच्याकडे लेहमनचे ७८.५ कोटी डॉलरचे कर्जाचे कागद होते. हा काही सट्टेबाजांचा फंड नव्हता. लोक असे फंड बचत खात्याइतकेच सुरक्षित धरत. मग सगळ्याच मनी मार्केट फंडांतून पैसे काढायची झुंबड उडाली. हेच फंड कंपन्यांना थोड्या मुदतीची कर्जं देतात, त्यामुळे बँकांशी काही देणंघेणं नसलेल्या धडधाकट कंपन्यांचीही उसनवारी अडली. पगार आणि कच्चा माल याच उसनवारीवर चालतो. शुक्रवारी सरकारला या फंडांना हमी जाहीर करावी लागली. म्हणजे तुमचा प्रयोग झाला होता. पाचव्या दिवशी तो आवरावा लागला.

आणि १९३० ते १९३३? अमेरिकेत जवळपास ९,००० बँका बंद पडल्या, ठेवविमा नव्हता. त्यात बुडाला तो सामान्य ठेवीदार.

खडूफळा:
आठ दिवस हा शब्द घाईत गेला, मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

तुम्ही ट्रेझरीतले, तुम्हाला पडद्यावरचे आकडे दिसले. मला एआयजी ही विमा कंपनी दिसते. १६ सप्टेंबरला फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, तिच्यासाठी ८५ अब्ज डॉलरची सोय केली, बदल्यात ७९.९ टक्के मालकी घेतली. इथवर ठीक. पण एआयजीने ज्यांना विमा विकला होता त्या बँकांचे पैसे पै न् पै चुकते केले, शंभरावर शंभर. एकट्या गोल्डमन सॅक्सच्या वाट्याला त्यातले १२.९ अब्ज गेले. बुडणाऱ्या कंपनीकडून कोणाला पूर्ण वसुली मिळते? दुकान बुडालं की घेणेकरी तडजोड करतात, रुपयाला आठ आण्यांवर समाधान मानतात. इथे तडजोड का झाली नाही? आणि मार्च २००९ मध्ये त्याच कंपनीने १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटले. चीड येते ती याची.

दीपमाळ:
मी तेव्हा डब्लिनमध्ये नर्स होते. २९ सप्टेंबर २००८ ची रात्र पाळीवर काढून घरी आले तर रेडिओवर बातमी, सरकारने सहा संस्थांची देणी स्वतःच्या अंगावर घेतली. सुमारे ४४० अब्ज युरोंची हमी. त्या वेळी खरंच हायसं वाटलं होतं, आमचेही पैसे त्यातल्याच एका बँकेत होते.

मार्च २००९ मध्ये पगारातून पेन्शनच्या नावाने कपात सुरू झाली. जानेवारी २०१० मध्ये मूळ पगारच कापला. नवी भरती बंद. सहा जणींची पाळी आम्ही चौघी ओढत होतो. नोव्हेंबर २०१० मध्ये देशालाच कर्ज मागायला युरोप आणि नाणेनिधीच्या दारात उभं राहावं लागलं. बँकांवर एकूण ६४ अब्ज युरो गेले. पंचेचाळीस लाखांच्या देशात म्हणजे तान्ह्या बाळासकट माणशी चौदा हजार युरो. ज्यांनी त्या बँकांचे रोखे भरभरून व्याजासाठी घेतले होते, त्यातल्या वरच्या क्रमांकाच्या रोखेधारकांना मात्र पूर्ण पैसे मिळाले. ताळेबंद, मला तुमचा मनी मार्केट फंड समजतो. माझ्या पगारपत्रकाचं काय ते सांगा.

ताळेबंद:
दीपमाळताई, आयर्लंडचा निर्णय चुकलाच. एका रात्रीत, ताळेबंद न उघडता सरसकट हमी. पण त्यावरून सगळ्या बचावांना एका माळेत ओवू नका. अमेरिकेने बँकांमध्ये २४५ अब्ज डॉलर घातले आणि लाभांश-व्याजासह २७५ अब्ज परत मिळवले. स्वीडनने १९९२ मध्ये गोटा बँक ताब्यात घेतली, भागधारक शून्यावर आणले. नॉर्डबँकेन या दुसऱ्या बँकेची सडलेली कर्जं सेक्युरम नावाच्या सरकारी कंपनीत वेगळी काढली. वाचवायचंच आहे तर असं.

पंचनामा:
हा "नफा झाला" मुद्दा कृपा करून थांबवा. दुसरा कोणीही कर्ज द्यायला तयार नसताना सरकारने दिलं, तर त्या जोखमीचं मोल नुसत्या मुद्दल-व्याजात येत नाही. शिवाय तुम्ही जिंकलेलाच डाव दाखवताय. ब्रिटनने आरबीएस (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) मध्ये ४५.५ अब्ज पौंड घातले. शेवटचा हिस्सा मे २०२५ मध्ये विकला, सतरा वर्षांनी, आणि तरी सुमारे १० अब्ज पौंडांचा तोटा.

वाटसरू:
नफा-तोटा तुमचा तुम्ही बघा. मला दुसरंच बोलायचंय. बँका वाचवल्या त्याच पैशातून घरं वाचवायची योजनाही होती ना? २००९ ची. ३० ते ४० लाख कुटुंबांचे हप्ते कमी करून देणार होते. मी अमेरिकेत कर्जवसुली करणाऱ्या एका कंपनीत त्याच विभागात बसत होतो, तेव्हा ऐका.

अर्जदाराने पगारपत्रकं, बँकेचे उतारे, कर विवरण पाठवायचं, बहुधा फॅक्सने. आमच्याकडे पानं गहाळ व्हायची. ती पुन्हा मागवेपर्यंत आधीची पगारपत्रकं जुनी ठरायची, की फाइल पहिल्यापासून सुरू. मंजुरीआधी तीन महिने चाचणीचे हप्ते. एका बाईंनी ते तिन्ही वेळेवर भरले. तिकडे दुसऱ्या विभागात त्यांच्या घराच्या लिलावाची तारीख लागलेली होती, कारण दोन्ही कामं समांतर चालायची आणि एका विभागाची नोंद दुसऱ्याला दिसायची नाही. मी तीन वेळा वर कळवलं. घर गेलं. त्यांचा शेवटचा फोन मीच घेतला होता. त्या ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं, "माझा कुठला कागद द्यायचा राहिला होता?" काहीच राहिलं नव्हतं.

रोखठोक:
वाईट वाटलं. पण आता कटू बोलतो. २००५ मध्ये आम्हीही अमेरिकेतच होतो, दोघांचा पगार होता, एजंट रोज मागे लागायचा. झेपणार नाही म्हणून घर घेतलं नाही, भाड्याने राहिलो. उत्पन्नाचा पुरावा न देता, पहिली दोन वर्षं हप्ता कमी बघून ज्यांनी चार खोल्यांची घरं घेतली, त्यांचा भार आम्ही का उचलायचा? बँकेला वाचवणं चूक असेल तर कर्जदाराला वाचवणंही तेवढंच चूक. दोघांनी आंधळेपणाने उडी मारली.

वाटसरू:
रोखठोक, त्या बाईंचं घर दोन खोल्यांचं होतं आणि त्यांची नोकरी २००९ मध्ये गेली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी १० टक्क्यांवर होती. ती उडी नव्हती. फाइल न बघता माणसाला हावरट ठरवू नका. मी अशा शेकडो फाइली बघितल्यात, तुम्ही एकही नाही.

रोखठोक:
आवाज चढवू नका. माझा भाऊ त्याच मंदीत सात महिने घरी बसला, त्याला कोणी योजना दिली नाही.

खडूफळा:
भांडू नका, तुम्ही दोघंही माझीच बाजू मांडताय. १३ ऑक्टोबर २००८ ला अमेरिकेच्या अर्थमंत्र्यांनी नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना एका टेबलाशी बसवलं आणि १२५ अब्ज डॉलरच्या कागदावर त्याच दिवशी सह्या घेतल्या. काहींना तर पैसे नकोच होते, तरी घ्यायला लावले. तिथे पगारपत्रक जुनं झालं म्हणून कोणाची फाइल परत आली नाही. म्हणून मी म्हणतो, आइसलंडने केलं तेच बरोबर. बँका बुडू दिल्या, बँकर तुरुंगात घातले.

ताळेबंद:
घरांच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. बँकांना एका दिवसात पैसे देता आले, तर कर्जदारांना देताना एवढी कागदं का, याचा बचाव मी करणार नाही.

पण आइसलंडची गोष्ट अर्धीच सांगताय. तीन बँकांचा पसारा देशाच्या उत्पन्नाच्या दहापट होता, वाचवायची ऐपतच नव्हती. तरी देशातल्या ठेवी त्यांनी नव्या सरकारी बँकांत हलवल्याच, म्हणजे ठेवीदार वाचवले. क्रोना निम्म्यावर आला, परकीय चलनात कर्ज घेतलेल्यांचे हप्ते दुप्पट झाले. पैसा देशाबाहेर न्यायची बंधनं २०१७ पर्यंत होती. तुरुंगाचं मात्र मान्य. काउपथिंग बँकेच्या माजी प्रमुखाला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. वॉल स्ट्रीटवर एवढं मोठं संकट येऊन एकाही बड्या बँकेचा प्रमुख आत गेला नाही.

पंचनामा:
मग नेमकं म्हणणं काय? तुमच्या पहिल्या उत्तरात तर सरकारची बाजू घेत होतात.

ताळेबंद:
म्हणणं तेच आहे. पैसे भरायची, पगार व्हायची, ठेव परत मिळायची यंत्रणा बंद पडू द्यायची नाही. २५ सप्टेंबर २००८ ला वॉशिंग्टन म्युच्युअल ही बँक सरकारने ताब्यात घेतली, रातोरात जेपी मॉर्गनला १.९ अब्जांना विकली. ठेवीदाराचा एक सेंट गेला नाही, सकाळी शाखा उघड्या होत्या. भागधारक बुडाले, रोखेधारकांना झळ बसली. संस्था मेली, तिचं काम चालू राहिलं.

खडूफळा:
हे आधी लिहिलं असतंत तर एवढा वाद झाला नसता. ठेवीदार वाचवा, मान्य, नाइलाजाने मान्य. पण क्रम कागदावर आधीच लिहिलेला हवा: आधी भागधारक, मग रोखेधारक, आणि प्रमुखाने मागच्या पाच वर्षांचा बोनस परत द्यायचा. त्याआधी खजिन्याची किल्ली फिरवायची नाही.

रोखठोक:
मार्च २०२३ मध्ये क्रेडिट सुइस या स्विस बँकेच्या वेळी क्रम कागदावर होताच की. सुमारे १६ अब्ज फ्रँकचे एटी१ रोखे (बँक संकटात आली तर बुडवता येणारे) शून्य केले आणि भागधारकांना ३ अब्ज दिले. क्रम उलटा. संकटाच्या रात्री कागद कोण वाचतं?

दीपमाळ:
नेमकं. आमच्याकडेही निर्णय रात्रीच झाला होता. खडूफळा, तुमचा क्रम आमच्या पगारपत्रकाच्या आधी लावणार असाल तर माझं मत तुम्हाला. आमची कपात त्या हमीनंतर सहा महिन्यांत सुरू झाली होती, वरच्या क्रमांकाच्या रोखेधारकांना मात्र कोणी हात लावला नाही.

वाटसरू:
आणि त्या घरांचं? यादीत ती कुठे बसतात, ते अजून कोणीच लिहिलं नाही.