गावच्या वाचनालयात सगळ्यांसाठी संगणक खोली सुरू करायचीय

माणदेशी:
नमस्कार. सांगोला तालुक्यातलं गाव. वाचनालयाची मागची खोली रिकामी आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी चार जुने लॅपटॉप दिलेत. इंटरनेटचं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलंय आणि आमची भिंत पंचायतीला लागूनच. पोरांना मराठी टायपिंग नि सीईटीचा अर्ज, आयाबायांना सातबारा, पीक विमा स्वतःचा स्वतः करता यावा, एवढीच इच्छा. कमिटीतले जाणते म्हणतात, "चौकात सेवा केंद्र आहे की, दुसरं कशाला?" काय सांगू? आणि पैसे घ्यावेत का?

वाचनालयवाली:
सेवा केंद्रात आपण कागद देतो, समोरचा बटणं दाबतो, आपण पावती घेऊन घरी येतो. तुमच्या खोलीत माऊस आलेल्या माणसाच्या हातात राहू द्या. कमिटीला हेच सांगा. वेळ चौपट लागतो, लागू द्या.

आमच्याकडे एक मावशी केवायसी करायला आल्या. आधारला जोडलेला नंबर मुलाचा. तो चाकणला पहिल्या पाळीला, फोन लॉकरमध्ये. ओटीपी दहा मिनिटांत बाद. आधी त्यांना आधार केंद्रात पाठवून स्वतःचा नंबर जोडायला लावला. पुढच्या वेळी आल्या तेव्हा आलेले आकडे त्यांनीच एकेक करून मोठ्याने वाचत टाकले. गावोगाव निम्मी कामं इथेच अडतात, म्हणून फॉर्मच्या आधी नंबर कुणाचा ते विचारा.

दुसरं, फार महत्त्वाचं. डाऊनलोडचं फोल्डर रोज रिकामं करा. त्यात लोकांचे आधार, पासबुकं, जातीचे दाखले साठतात. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. गावात हे दोन्ही कुणाला ठाऊक नसतं? व्हॉट्सॲपवर कागद मागवून घेऊ नका, ते तुमच्या फोनमध्ये राहतात.

बसायला पैसे नकोत. प्रिंटचे घ्या, कागद-शाईपुरते. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. हा दर दारावर मोठ्या अक्षरात लावा.

तारजोड:
जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर तिचा मायक्रोसॉफ्टकडचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपलाय. तिघांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ४ जीबी रॅमवर नीट चालते. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवा, फरक पहिल्याच दिवशी दिसेल. मिंटमध्ये 'पाहुणा' म्हणून लॉगिन सुरू करता येतं. माणसाने उठताना लॉगआउट केलं की त्याचं सगळं आपोआप पुसलं जातं. वरच्या ताईंची निम्मी काळजी तिथेच मिटेल. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. आणि खोलीचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, राउटरला वेगळी छोटी बॅटरी लावा.

नादखुळा:
मला दिसत नाही, म्हणून माझं एक मागणं. चौथा लॅपटॉप झेपत असेल तर विंडोज ११ वर ठेवा. त्यावर एनव्हीडीए टाका, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यातला ई-स्पीक नावाचा आवाज मराठी वाचतो. यंत्रासारखा आहे, पण सवय होते. सोबत हेडफोन हवाच, नाहीतर माझी बँकेतली शिल्लक अख्खी खोली ऐकणार. लिनक्सवर याच कामाचं ऑर्का आहे, पण तालुक्याला शिकवणारं कुणी भेटलं तर ते बहुधा एनव्हीडीएवालंच असेल.

माणदेशी:
चौथ्यात ८ जीबी रॅम आहे, पण विंडोज ११ चालेल का ते तपासून सांगतो. हेडफोन मी घेतो. ताई, संध्याकाळी खोली कोण सांभाळतं तुमच्याकडे?

वाचनालयवाली:
बारावी झालेल्या दोन मुली, आलटून पालटून. मानधन वाचनालय देतं. फुकट राबवू नका, परीक्षा आली की खोलीला कुलूप लागतं.