सोसायटी मुख्य ग्रुप: गेटवरची लाल रेघ

वैद्य काकू (ए, तळमजला), स. ७:१४
नमस्कार. काल रात्री साडेअकरापर्यंत जेसीबी आमच्या खिडकीखाली घरघरत होता, ते सोडा. आज दूध आणायला गेले तर गेटच्या खांबावर लाल रेघ. कामावरचा मुलगा म्हणतो, मावशी, नवा काँक्रीटचा रस्ता इथपर्यंत येणार. ती रेघ आपल्या आवारातल्या फरशीच्या वर आहे. कमिटीला माहीत आहे का हे?

देसाई आजोबा (बी-२०२), स. ७:१६
शुभ सकाळ 🙏 आपला दिवस आनंदात जावो.

निनाद (सी-६०१), स. ७:३१
हा रस्ता आहे की उत्खनन? अजून चार फूट खाली गेले तर गिरणीतला एखादा बदली कामगार हजेरी लावायला वर येईल.

शिरोडकर (ए-३०१), स. ७:४०
रेघेखाली 'एफआरएल' लिहिलंय. म्हणजे तयार रस्त्याची पातळी. टेप लावून आलो. आवाराच्या फरशीपासून सात इंच वर. मार्चच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं होतं, गेटची लेव्हल लेखी घ्या. मिनिट्समध्ये ते आलंच नाही.

मोहिते सेक्रेटरी, स. ७:५८
सर्व सभासदांस नमस्कार. कमिटी पाठपुरावा करत आहे. काम ३१ मेच्या आत पूर्ण होईल असं साइट इंजिनिअरने सांगितलं आहे. कृपया ग्रुपवर घबराट पसरवू नये.

वैद्य काकू
घबराट नाही हो मोहिते, अनुभव आहे. २००५ च्या २६ जुलैला तुम्ही इथे राहत नव्हता. आमचं शिलाई मशीन गेलं, ह्यांची सर्व्हिसची कागदपत्रं गेली. भिंतीला अजून दर जूनमध्ये त्याच उंचीवर पोपडे सुटतात.

निनाद
काकू, तेव्हा ९४४ मिलिमीटर पडला होता एका दिवसात. त्याला कुठलंच गटार पुरलं नसतं.

शिरोडकर
९४४ सांताक्रूझला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. आणि आपल्याकडे पाणी भरायला ९४४ लागत नाही, आपला हिंदमाताचा सगळा भाग मुळात बशीसारखा खोलगट. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, तीसुद्धा समुद्राला ओहोटी आहे असं धरून. ५० चा हिशोब १९९३ च्या ब्रिमस्टोवॅडच्या, म्हणजे मुंबईच्या पावसाळी गटारांच्या योजनेच्या, अहवालात आला आणि कामाला जोर आला २००५ मध्ये सगळे बुडाल्यावर. असो. गेटची लेव्हल लेखी घ्या.

सावंत वहिनी (बी-४०३), स. ८:२२
देवगड हापूस, घरच्या बागेतला, पाच डझनची पेटी. तीनच शिल्लक. हवी असल्यास पर्सनलवर मेसेज करा.

निनाद
वहिनी, टेम्पो गेटपर्यंत येणार कसा? की आंबे पण पाइपातून?

डॉ. कामत (दुकान नं. २), स. ८:४५
विषय निघालाच आहे म्हणून. दवाखान्यासमोरची फळी काल पुन्हा कोणीतरी काढली. गुडघ्याचे पेशंट खंदक ओलांडून कसे येणार? मेंटेनन्स मात्र मी कमर्शियल दराने भरतो.

मोहिते सेक्रेटरी
डॉक्टरसाहेब, फळीचा आणि मेंटेनन्सचा संबंध नाही. आपला मान आहेच.

डॉ. कामत
मान नको, फळी द्या.

कुलकर्णी (सी-३०२)
मला वाटतं आपण उगाच काळजी करतोय. हिंदमाताच्या पाण्यासाठी प्रमोद महाजन कला पार्कखाली टाक्या झाल्यात, झेव्हियर्स मैदानातही झालीय. रे रोडला ब्रिटानिया पंपिंग स्टेशन आहे. आता पूर्वीसारखं पाणी तुंबून राहत नाही.

शिरोडकर
खरं आहे, आता पाणी लवकर उतरतं. पण टाकी काय करते? भरती असेपर्यंत पाणी धरून ठेवते आणि नंतर सोडते. मुंबईच्या गटारांची समुद्राकडची बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली. साडेचार मीटरची भरती आली की समुद्र पाणी घेत नाही, उलट ढकलतो. पण टाकीपर्यंत जायला पाणी आधी आपल्या आवारातून गटारात तर उतरलं पाहिजे. रस्ता सात इंच वर आला की ते आत राहणार, आणि रस्त्यावरचंही आत येणार. गेटची लेव्हल लेखी

शिरोडकर
घ्या. (अर्धवटच गेला.)

निनाद
काका, हे टी-शर्टवर छापून घ्या. मी दोन घेतो.

वैद्य काकू
निनाद, तू सहाव्या मजल्यावर आहेस. तुला सगळं गंमतच वाटणार.

रूपाली (बी-१०१), स. ९:३६
[फोटो] ऑफिसला निघताना काढला. गेटच्या डावीकडे खड्ड्याच्या कडेला हा जुना पाइप तुटलेला दिसतोय. तोंडात सिमेंटची रिकामी गोणी कोंबलीय. हा आपलाच का?

शिरोडकर
आपलाच. नऊ इंची, चिनी मातीचा. आवारातल्या जाळीच्या चेंबरमधून रस्त्याच्या गटाराला जातो. जेसीबीने तोडला आणि बुजवून ठेवला. नवीन गटाराच्या भिंतीला भोक आहे का बघा. नसेल तर हा पाइप कुठेच जात नाही.

रूपाली
भोक नाही. भिंत सरळ सलग आहे. मागच्या बाजूला माती भरायला घेतलीय.

वैद्य काकू
अगबाई. म्हणजे संडासचं पाणीपण अडणार?

शिरोडकर
नाही काकू, ती लाइन वेगळी, ती मागच्या गल्लीतून जाते. हा फक्त पावसाचा.

कुलकर्णी
जोडता येईल की नंतर.

शिरोडकर
नंतर कधी? काँक्रीट झालं की तो रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. उद्या खालचा ड्राय लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटचा, थर टाकणार, मुकादम मला स्वतः म्हणाला. म्हणजे आजचा दिवस आहे. आणि २०२५ ला पाऊस २६ मेलाच आला होता, ३१ तारखेची वाट बघत बसला नव्हता.

मोहिते सेक्रेटरी, स. १०:१०
शिरोडकर साहेब, आपल्या ज्ञानाचा आदर आहे. परंतु कंत्राटदाराशी संबंध सलोख्याचे ठेवणं सोसायटीच्या हिताचं आहे.

गीता (ए-२०४)
सलोख्यावरून आठवलं. आपल्या बोअरवेलला त्यांचा हिरवा पाइप लावलाय आठवडाभर. पलीकडच्या पट्ट्यावर गोणपाटं ओली ठेवायला. कुणी परवानगी दिली? पंपाचं लाइट बिल आपण भरायचं आणि उन्हाळ्यात आमच्या फ्लशला पाणी नाही.

मोहिते सेक्रेटरी
माणुसकीच्या नात्याने दिलं. काँक्रीटला पाणी मारावंच लागतं, नाहीतर तडे जातात.

शिरोडकर
मारावं लागतं, पण बोअरवेलचं खारट नको. सांध्यात लोखंडी सळ्या असतात, खारानं गंजतात. तुमच्या माणुसकीने रस्ता लवकर जाईल.

निनाद
वॉचमनकडे नवीन मोबाइल आलाय म्हणे. मी काही बोललो नाही.

मोहिते सेक्रेटरी
हे वैयक्तिक आरोप आहेत. पुढच्या एजीएममध्ये मी पद सोडायला तयार आहे. कोणी घेत असेल तर आत्ता सांगा.

*(अकरा मिनिटं कुणाचाच मेसेज नाही.)*

देसाई आजोबा
मोहिते चांगले आहेत. राहू द्या.

सावंत वहिनी
दोनच पेट्या राहिल्या.

रूपाली, दु. १२:०५
ट्रेनमध्ये बसून अर्ज लिहिलाय. बघा: 'आमच्या आवाराची पावसाळी जोडणी कामादरम्यान तुटली आहे. भराव घालण्यापूर्वी ती नवीन गटारास जोडून द्यावी. गेटसमोरील रस्त्याची अंतिम पातळी लेखी कळवावी व ती आवारापेक्षा वर राहत असल्यास गेटच्या आत आडवी जाळी टाकून पाणी गटारात घेण्याची व्यवस्था सुचवावी.' सोबत फोटो. मोहिते काका, लेटरहेडवर घेऊन सही कराल का प्लीज? वॉर्ड ऑफिसमध्ये इनवर्डचा शिक्का घ्या, नुसतं व्हॉट्सॲप नको.

शिरोडकर
उत्तम. 'लेखी' शब्द ठळक करा.

मोहिते सेक्रेटरी
रूपाली, भाषा छान आहे. जेवून निघतो.

डॉ. कामत
त्यात फळीचं एक वाक्य घाला.

मोहिते सेक्रेटरी, दु. ४:४०
शिक्का मिळाला. [फोटो] साहेब सभ्य वाटले, साइटवर फोन लावला. दोन गोष्टी. एक, रस्त्याची पातळी पुढच्या चौकातल्या मॅनहोलवर बांधलेली आहे, ती खाली येणार नाही. गेटच्या आत आपण उतार करून आडवी जाळी टाकायची. दोन, गटाराच्या भिंतीला भोक ते आज रात्री पाडून देतील, पण भोकापासून आपल्या चेंबरपर्यंतचा पाइप, माती आणि जाळी हा सोसायटीचा खर्च म्हणतात.

गीता
तोडला त्यांनी आणि खर्च आपला?

मोहिते सेक्रेटरी
मीही तेच म्हटलं. वाद घालायचा असेल तर घालू, पण उद्या सकाळी थर पडतोय. प्लंबर आत्ता गाठला तर रात्री होईल. सिंकिंग फंडातून, म्हणजे सोसायटीच्या राखीव पैशातून, काढायला मीटिंग लागेल. तोवर प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी काढावी असं सुचवतो.

निनाद
तळमजला आणि दुकानांनी काढावी ना मग. पाणी सहाव्यावर येत नाही.

वैद्य काकू
बघा.

शिरोडकर
निनाद, लिफ्टचा खड्डा कुठल्या मजल्यावर आहे? मीटर रूम? पाण्याची खालची टाकी? मागच्या वेळी पाणी टाकीत गेलं तेव्हा तुझ्या आईने दहा दिवस बिसलेरीत भात लावला, विचार तिला.

निनाद, सं. ५:०२
विचारलं. जीपे कुणाला करायचं?

मोहिते सेक्रेटरी
माझ्या नंबरवर, 'पाइप' लिहून. प्लंबर नऊला येतोय. दोन माणसं टॉर्च घेऊन लागतील. आणि गेटला लागून ती पांढरी व्हॅगन-आर उभी आहे, ती आठच्या आत हलवा, नाहीतर खणता येणार नाही.

कुलकर्णी
माझी आहे. पण बाहेर लावू कुठे, रस्ता आहेच कुठे?

डॉ. कामत
दवाखान्यासमोर नको.

शिरोडकर
टॉर्च घेऊन मी आहे. पाइप बसवला की वर माती टाकायच्या आधी चेंबरमधून दोन बादल्या ओतून बघायच्या. उतार उलटा लागला तर सगळं फुकट. आणि मोहिते, त्या लेव्हलच्या पत्राचं लेखी उत्तर

निनाद
घ्या.