चार फुटी टाकीत ‘शार्क’ ठेवायचे आहेत, कोणते एकत्र राहतील?

निळाई

नमस्कार. टाकी १२० × ४५ × ४५ सेंमी. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर बसणारा) ताशी १२०० लिटरचा, हीटर २०० वॅटचा, तळाला ५ सेंमी बारीक वाळू, दोन ओंडके, त्यावर अनुबियास ही पाणवनस्पती. टाकी सुरू होऊन सात महिने झाले. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी घटक शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (दशलक्षात २० भाग) आसपास, पीएच ७.४, तापमान २६. सध्या ८ टायगर बार्ब, ६ कोरिडोरास (तळाला राहणारे छोटे मासे), २ एंजल आणि १ साधा प्लेको (काचेला चिकटणारा तळमासा, १२ सेंमी) आहे.

यात २ रेड टेल शार्क, १ रेनबो शार्क, ३ सिल्व्हर शार्क आणि शेवाळासाठी २ अल्गी ईटर घालायचा विचार आहे. दुकानात हे सगळे एकाच टाकीत होते. प्रत्येक जण ५ सेंमीच्या आतबाहेर, आणि भांडण कुठेच दिसलं नाही. माझ्याकडेही जमेल ना?

---

काठावरचा

यादी अशीच्या अशी घेऊ नका. आधी पाण्याचा हिशोब करू. काचेच्या मापाने २४३ लिटर होतात, पण वरची मोकळी जागा आणि वाळू वजा केली की पाण्याची उंची ३८ सेंमीच उरते. १२० × ४५ × ३८ म्हणजे २०५ लिटर. त्यातले थोडे ओंडक्यांनी खाल्ले, तेव्हा २०० धरा.

‘शार्क’ हे दुकानातलं नाव आहे. पाठीवरचा पर तिकोनी आणि अंग लांबट, एवढ्यावरून पडलेलं. रेड टेल, रेनबो, सिल्व्हर हे सगळे कार्प कुळातले, म्हणजे आपल्या रोहूचे भाऊबंद. नाव एक म्हणून स्वभाव एक असं अजिबात नाही. सिल्व्हर शार्क थव्याने पोहणारा आणि भित्रा आहे. रेड टेल आणि रेनबो एकेकटे राहणारे, तळाची हद्द आखून ती राखणारे.

दुकानात भांडण दिसलं नाही, कारण ती पिल्लं होती. रेड टेल ७-८ सेंमीचा झाला की हद्द धरू लागतो, आणि एका माशाला साधारण मीटरभर तळ हवा असतो. तुमच्या टाकीचा अख्खा तळ १२० सेंमी. दोन ठेवले तर जिंकणारा गुहा घेईल आणि हरलेला हीटरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, डोकं वर करून उभा राहील. त्याचा काळा रंग आधी राखाडी पडतो, मग शेपटीचा लाल विटतो, मग तो खाणं सोडतो. जखम अंगावर दिसेलच असं नाही. तो सततच्या धाकाने मरतो, आणि आपण पाण्यात दोष शोधत बसतो.

रेनबो हा त्याच वंशातला. रेड टेलच्या नजरेला त्याचा आकार आणि लाल पर म्हणजे दुसरा रेड टेलच. म्हणून दोन्ही जाती मिळून टाकीत एकच मासा. अल्बिनो रेनबो पांढरा असतो म्हणून शांत असेल असं समजू नका, स्वभाव तोच.

---

शेवाळरंग

काठावरचा यांच्याशी सहमत. एकच घ्यायचा तर मी रेनबो सुचवेन. दोन्ही १५ सेंमीच्या आसपास जातात, पण रेड टेल जास्त तापट.

ओळखायला सोपं आहे. रेड टेलचं अंग गडद काळं, लाल फक्त शेपटी, आणि पाठीवरच्या पराच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. रेनबोचं अंग करडं आणि सगळेच पर तांबडे किंवा नारिंगी.

रेड टेलबद्दल एक गोष्ट माहीत असावी. हा थायलंडचा मासा. १९९६ मध्ये निसर्गातून नाहीसा झाला असं मानलं गेलं होतं, नंतर तो पुन्हा सापडला, तरी अतिसंकटग्रस्त यादीत आहेच. बाजारात येतात ते शेततळ्यांवर संप्रेरकाची सुई देऊन पैदास केलेले. म्हणजे आणलेला मासा जंगलातून उचललेला नसतो, पण त्याला धाकाने मारणं तरीही जिवाला लागतं.

---

दगडगोटे

सिल्व्हर शार्कबद्दल स्पष्टच लिहितो. तो ३० ते ३५ सेंमी होतो आणि किमान पाचांच्या थव्यात राहतो. त्याला निदान ८ फूट लांब, २ फूट रुंद टाकी लागते. तुमची टाकी ४५ सेंमी रुंद आहे. ३० सेंमीच्या माशाला त्यात वळताना अंग मुडपावं लागेल. शिवाय तो दचकला की बाणासारखा सुटतो आणि काचेवर नाक फोडून घेतो.

‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हे ऐकलं असेल तर विसरा. साचलेल्या घाणीने वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकतो आणि आयुष्य घटतं. त्याला टाकीशी जुळवून घेणं म्हणत नाहीत.

याच नावाचे आणखी तीन मासे दुकानात भेटतील, ते तर बघूही नका. इरिडेसंट शार्क म्हणजे पंगस. तळ्यात मांसासाठी वाढवतात तोच, मीटरच्या वर जातो. ब्लॅक शार्क हा रोहूच्याच लेबिओ वंशातला, ६० सेंमीच्या पुढे जाणारा आणि भांडकुदळ. कोलंबियन शार्क खाडीतला आहे, मोठा होताना त्याला मचूळ पाणी लागतं आणि त्याचे काटे विषारी असतात.

विषय निघालाच आहे तर तुमचा प्लेकोही ३० सेंमीच्या पुढे जाईल. त्याला आत्ताच मोठ्या टाकीचं घर शोधा. नदी-तलावात मात्र कधीही सोडू नका. तो तिथे जगतो आणि तिथल्या माशांची जागा खातो.

---

काठावरचा

टायगर बार्ब आणि एंजल हीसुद्धा जोडी बरी नाही. बार्ब एंजलच्या लोंबत्या परांचे लचके तोडतात. शार्कचं नंतर बघू, एंजल आधी दुसरीकडे हलवा. तेवढ्याने तापमानही २४-२५ वर आणता येईल, बार्ब आणि रेनबो दोघांना ते मानवतं.

---

निळाई

धन्यवाद. म्हणजे एक रेनबो. सिल्व्हरऐवजी थव्याने पोहणारं, शार्कसारखं दिसणारं काही आहे का? आणि अल्गी ईटर म्हणून दाखवलेला मासा सोनेरी-करडा होता, अंगावर काळी पट्टी, तोंडाने काचेला चिकटून होता.

---

शेवाळरंग

काचेला तोंडाने घट्ट चिकटत असेल तर तो चायनीज अल्गी ईटर. घेऊ नका. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की २०-२५ सेंमीचा होऊन चपट्या अंगाच्या माशांच्या कुशीला चिकटतो आणि वरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. तिथे मग बुरशी धरते.

तुम्हाला हवा तो सयामी अल्गी ईटर. दुकानात त्याच्याकडे बाजूने, पाच मिनिटं बघा. काळी पट्टी नाकापासून निघून शेपटीच्या पराच्या खाचेपर्यंत, पार शेवटपर्यंत गेली पाहिजे. पट्टीची वरची कड करवतीसारखी दातेरी असते आणि पर काचेसारखे पारदर्शक. पट्टीच्या वर सोनेरी रेघ आणि परांवर काळं असेल तर तो फ्लाइंग फॉक्स, रेनबोचाच जवळचा भाऊ आणि तसाच हद्दीचा. सयामी बसतो तेव्हा पोटाखालच्या परांवर टेकून, नाक जरा उचलून बसतो.

पण रेनबो असताना सयामीही नको. अंगलट सारखी, जागा एकच. शेवाळासाठी दिवे ७ तासांवर आणा आणि नेराइट गोगलगायी घाला.

---

सह्यकडा

थव्याचं उत्तर आपल्याच सह्याद्रीत आहे. डेनिसन बार्ब, दुकानात त्याला रोजलाइन शार्क किंवा मिस केरला म्हणतात. डोळ्यावरून मागे जाणारा लाल पट्टा, त्याखाली काळा, शेपटीवर काळे-पिवळे ठिगळ. केरळातल्या घाटातल्या वाहत्या ओढ्यांचा मासा. २०१३ मध्ये त्याच्या वंशाला ‘सह्याद्रिया’ असं नावच दिलं गेलं. व्यापारासाठी बेसुमार पकडल्यामुळे तो संकटग्रस्त आहे, म्हणून टाकीत पैदास केलेलाच मागा. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल तर घेऊ नका.

सहा घ्या. दोन-तीन ठेवले तर एकमेकांवर उठतात किंवा दिवसभर झाडामागे दडतात. १० ते १५ सेंमी होतात, मधल्या थरात पोहतात, त्यामुळे तळाच्या रेनबोशी फारसा वाद होत नाही. तापमान २२ ते २५. ही वरची मर्यादा पाळा. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, आणि ओढ्याचा मासा आधी गळतो. फिल्टरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवून पाणी खळाळतं ठेवा. उन्हाळ्यात पाण्यावर पंख्याचा झोत सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरत राहा.

---

दगडगोटे

डेनिसनला माझा पाठिंबा. पण कोरिडोरासचं काय? रेनबो त्यांना हमखास पिटाळतो. मी तरी दोन्ही एकत्र ठेवायला सांगणार नाही.

---

काठावरचा

पिटाळतो, पण चार फुटांत मांडणी नीट असेल तर बऱ्याचदा निभतं. रेनबोची गुहा एका टोकाला, कोरिडोरासची मोकळी वाळू दुसऱ्या टोकाला, मध्ये ओंडका आडवा, असा की तळाजवळून या टोकाचं त्या टोकाला दिसू नये. नजर अडली की हद्द तिथेच संपते. गुहा दोन्हीकडून उघडी, तोंड ६-८ सेंमीचं, लांबी १५ ते २०. एकाच तोंडाची असेल तर आत शिरलेला दुसरा मासा कोंडला जातो.

रेनबो सगळ्यात शेवटी आणा. आधी डेनिसन, मग निदान तीन आठवडे थांबा. तेवढे दिवस रेनबो ४० लिटरच्या वेगळ्या टाकीत, आधीपासून चालू असलेल्या स्पंज फिल्टरवर ठेवा. पांढरे ठिपके, मिटलेले पर, अंग घासणं अशा आजाराच्या खुणा दिसतायत का पाहा. सोडायच्या दिवशी ओंडके काढून नवी मांडणी करा, म्हणजे जुन्या माशांचीही हद्द पुसली जाते. दिवे बंद. पिशवी २० मिनिटं तरंगू द्या. मग मासा बादलीत घेऊन बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब ४५ मिनिटं सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासा जाळीने उचला.

पहिला आठवडा रोज संध्याकाळी दिवे मालवताना २० मिनिटं बघा. दोन-तीन सेकंदांचा पाठलाग आणि मग परत गुहेत, हे चालतं. एकाच माशाच्या मागे पुन्हापुन्हा लागणं, फाटलेला पर, कोणी वरच्या कोपऱ्यात अडकून पडणं चालत नाही. मग रेनबोला पाच दिवस वेगळं काढा, मांडणी बदला, परत सोडा. तरीही तेच झालं तर दगडगोटे यांचं ऐका आणि रेनबो किंवा कोरिडोरास, यांपैकी एकाला दुसरीकडे द्या.

---

सह्यकडा

खाणं दोन टोकांना टाका. रेनबोच्या बाजूला स्पिरुलिनाची (नील-हरित शेवाळाची) वडी किंवा उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती, कोरिडोरासच्या बाजूला दिवे बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या. उपाशी रेनबो जास्त चिडका होतो. काकडी रात्रभर राहू देऊ नका, पाणी गढुळतं. दर आठवड्याला ६० लिटर पाणी बदला, क्लोरीन घालवून आणि त्याच तापमानाचं.

---

निळाई

ठरलं. एंजल आणि प्लेको मोठ्या टाकीवाल्या मित्राकडे जातील. मग ६ डेनिसन, नंतर १ रेनबो. वर काचेचं झाकण आहे, फिल्टरच्या नळ्यांसाठी मागचा कोपरा ८ सेंमी कापलेला आहे. ते ठीक ना?

---

दगडगोटे

ठीक नाही. डेनिसन आणि रेनबो दोघेही उडी मारतात, विशेषतः पहिल्या काही रात्री, आणि ८ सेंमीच्या फटीतून बिनदिक्कत बाहेर पडतात. नळ्यांच्या भोवती खरखरीत फिल्टर स्पंज कापून घट्ट बसवा, हवा खेळती राहील. पाण्याची पातळी झाकणाच्या ५ सेंमी खाली ठेवा. मासे आणायच्या आधीच करा.