जुनं सोल्डरिंग स्टेशन तापत नाही, मदत हवी आहे

थंडगार_निगडी
भोसरीतल्या एका बंद पडलेल्या युनिटच्या भंगारातून सोल्डरिंग स्टेशन उचललंय. चालू केलं की ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, बिट (सोल्डरिंगचं टोक) मात्र गार. फ्यूज ठीक आहे. शनिवारी पोराचं रेडिओ किट जोडायचंय. काय करू? लवकर सांगा.

रेझिस्टर४७०
मॉडेल? हँडलच्या प्लगला पिना किती? दिवा लागतो का? हँडल मूळचंच आहे की कुणी बदललंय? एवढं लिहायला पैसे पडतात का?

थंडगार_निगडी
करडा डबा, नाव खरवडलेलं. फिरवायचं बटण, २०० ते ४८०. पिना ५. दिवा नाही लागत. बिट काळी ठिक्कर पडलीय.

तपकीर_गल्ली
काळी ना? कानशीने घासा, तांबं चमकलं की सोल्डर धरते. माझी २५ वॅटची अशीच वर्षानुवर्षं चालवली.

रेझिस्टर४७०
अहो, थांबा! तुमच्या साध्या गनची बिट नुसत्या तांब्याची असेल, तिला कानस चालते. स्टेशनच्या बिटवर लोखंडाचा मुलामा असतो. तो गेला की आतलं तांबं वितळलेल्या कथलात विरघळतं आणि टोकाला खळगा पडतो. पितळी काथ्या वापरा.

कल्हई_नातू
नवसागर! तापलेली बिट नवसागराच्या वडीवर घासायची, लगेच सोल्डर लावायचं. पातेल्यांना कल्हई करताना तेच तर करतात.

रेझिस्टर४७०
गार बिटवर नवसागर? आधी तापू दे. शिवाय त्याचा पांढरा धूर नाकाला झोंबतो आणि राहिलेला अंश तांबं गंजवतो. बोर्डाजवळ तरी नकोच.

कल्हई_नातू
आमच्या आजीची पातेली काही गंजली नाहीत. बाय द वे, सदाशिव पेठेत कल्हईवाला येतो का हल्ली?

शुद्ध_हवा
लहान मुलासमोर शिशाचं सोल्डर?? लेड-फ्री (बिनशिशाची) वायर घ्या.

तपकीर_गल्ली
लेड-फ्रीला २१७ अंशांच्या पुढे तापवावं लागतं. ६०/४० वायर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ ला मऊ पडते, १९० च्या आसपास पूर्ण वितळते. नवशिक्या पोराला तीच बरी. दिसतो तो धूर वायरमधल्या राळेचा असतो, शिशाची वाफ नव्हे. पोराला हात साबणाने धुवायला लावा आणि खिडकी उघडी ठेवा, झालं.

थंडगार_निगडी
माझं स्टेशन???

रेझिस्टर४७०
हे हाक्को कंपनीचं ९३६ मॉडेल किंवा त्याची नक्कल. प्लग काढा, हँडल गार असताना मल्टीमीटर लावा. पिन ४ आणि ५ मध्ये हीटर: २.५ ते ३.५ ओहम. पिन १ आणि २ मध्ये तापमानाचा सेन्सर: ४३ ते ५८. पिन ३ ते बिट: २ ओहमच्या आत, ती अर्थिंग. सेन्सर जवळजवळ शॉर्ट दाखवत असेल तर हँडल थर्मोकपलचं (दोन धातूंच्या जोडाच्या, वेगळ्या जातीच्या सेन्सरचं) आहे, या डब्याला ते जमणार नाही.

थंडगार_निगडी
हीटर ३.१. सेन्सर काहीच दाखवत नाही. केबल हँडलपाशी वाकवली की ५१ येतो आणि जातो.

रेझिस्टर४७०
सापडलं. आतली तार तुटलीय. हा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. तार तुटली म्हणजे डब्याच्या लेखी बिट प्रचंड तापलेली, मग तो हीटरला करंट कशाला देईल? हँडलपाशी केबलचा तुटका तुकडा कापून टाका आणि पाचही तारा जागच्या जागी पुन्हा जोडा. रंग आधी लिहून ठेवा.

पेठेतला
कशाला खटाटोप? बुधवारी नाहीतर रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जा. नशीब असेल तर अख्खं हँडल मिळेल.

रेझिस्टर४७०
आणि ते थर्मोकपलचं निघालं तर? मल्टीमीटर घेऊन जा म्हणावं.

थंडगार_निगडी
पण तारा जोडायलाच सोल्डरिंग लागणार ना? माझ्याकडे हेच एक आहे.

तपकीर_गल्ली
म्हणून साधी २५ वॅटची घरात असावी. आता हसू नका, कानशीने घासलेली का असेना, माझी चालू आहे. उद्या सातनंतर चिंचवड स्टेशनपाशी भेटा, व्यनि (खाजगी निरोप) करतो. श्रिंक स्लीव्ह (जोडावर चढवायची, तापली की आवळणारी नळी) तुमची तुम्ही आणा.